बेर्नार्दिनो रामात्सिनी

बेर्नार्दिनो रामात्सिनी (१६३३, कार्पी – ५ नोव्हेंबर १७१४, पादुआ) हे इटालियन वैद्य, प्राध्यापक आणि ग्रंथकार होते. त्यांना व्यवसायजन्य वैद्यकशास्त्राचे जनक मानले जाते. माणूस कोणते काम करतो आणि ते करताना त्याचे शरीर कोणत्या स्थितीत राहते, यावरून त्याचे अनेक आजार समजतात व टाळता येतात, हा विचार त्यांनी प्रथमच पद्धतशीरपणे मांडला. १७०० साली प्रसिद्ध झालेला दे मॉर्बिस आर्तिफिकुम दियात्रिबा (कारागिरांच्या रोगांचे विवेचन) हा लॅटिन ग्रंथ त्यांच्या कीर्तीचा मुख्य आधार आहे. विषारी धूर, धूळ आणि धातू यांच्या परिणामांबरोबरच सतत बसणे, सतत उभे राहणे, वाकणे आणि ओझे वाहणे यांमुळे होणारी पाठ, कंबर व हातापायांची दुखणी त्यांनी या ग्रंथात नोंदवली. त्यांच्या आडनावाचा उच्चार इंग्रजी वळणाने रामाझिनी असाही केला जातो.

पूर्वायुष्य आणि शिक्षण

रामात्सिनी यांचा जन्म उत्तर इटलीतील मोदेना शहराजवळच्या कार्पी या गावी झाला. हा प्रदेश तेव्हा एस्ते घराण्याच्या सत्तेखाली होता. प्रारंभीचे शिक्षण कार्पी येथील जेझुइट पंथीयांच्या शाळेत घेतल्यानंतर ते पार्मा विद्यापीठात दाखल झाले. तेथे आधी तत्त्वज्ञान आणि नंतर वैद्यक यांचे अध्ययन करून त्यांनी १६५९ साली वैद्यकाची पदवी मिळवली. पुढे रोम येथे अनुभवी वैद्यांच्या हाताखाली त्यांनी प्रत्यक्ष रुग्णोपचाराचा अभ्यास केला.

मध्य इटलीतील कानिनो आणि मार्ता या गावांचे वैद्य म्हणून त्यांनी काही काळ काम केले. या भागात हिवतापाचा प्रादुर्भाव मोठा होता. रामात्सिनी स्वतःही त्या तापाने आजारी पडले आणि त्यांना कार्पीस परतावे लागले. प्रकृती सावरल्यावर त्यांनी तेथेच वैद्यकी सुरू केली. १६७१ मध्ये ते मोदेना येथे स्थायिक झाले.

मोदेना येथील कार्य

ड्यूक फ्रान्चेस्को दुसरा याने मोदेना येथील विद्यापीठाचे पुनरुज्जीवन केले, तेव्हा १६८२ मध्ये रामात्सिनी यांची वैद्यकाच्या सैद्धांतिक शाखेचे प्राध्यापक म्हणून नेमणूक झाली. पुढील अठरा वर्षे त्यांनी या पदावर अध्यापन केले. अध्यापनाबरोबर त्यांचा वैद्यकीचा व्यवसायही चालू होता. दरबारातील मानकऱ्यांपासून झोपडीत राहणाऱ्या शेतकऱ्यांपर्यंत सर्व थरांतील रुग्ण त्यांच्याकडे येत.

निसर्ग आणि आरोग्य यांचा परस्परसंबंध शोधण्याकडे त्यांचा कल होता. १६९० साली अतिवृष्टीनंतर मोदेना परिसरातील पिकांवर तांबेरा पडला आणि ग्रामीण जनतेत तापाची साथ पसरली. रामात्सिनी यांनी त्या वर्षीचे व नंतरच्या काही वर्षांचे हवामान, पिकांची स्थिती आणि रोगांचे स्वरूप यांची एकत्रित नोंद करून ती प्रसिद्ध केली. मोदेनातील विहिरींचाही त्यांनी अभ्यास केला. तेथे खोलवरचा भूस्तर गिरमिटाने भेदला की पाणी आपोआप जोराने वर उसळत असे. वायुभारमापकातील पाऱ्याच्या चढउतारांविषयीही त्यांनी लेखन केले. जर्मन तत्त्वज्ञ व गणितज्ञ लायब्निट्स हे एस्ते घराण्याच्या इतिहासाची साधने शोधत मोदेनास आले असता दोघांचा परिचय झाला. लायब्निट्स यांना साथींच्या वार्षिक नोंदींचे महत्त्व पटले होते. जर्मनीतील लिओपोल्डिना या विद्वत्परिषदेनेही रामात्सिनी यांना सदस्यत्व दिले.

ग्रंथाची प्रेरणा

रामात्सिनी यांचे लक्ष कारागिरांच्या आजारांकडे कसे वळले, याची हकिकत त्यांच्याच ग्रंथात आहे. मोदेना शहरात घरोघरचे मैल्याचे खड्डे ठरावीक वर्षांनी उपसून साफ करण्याची पद्धत होती. त्यांच्या घरी हे काम चालू असताना एक सफाई कामगार जिवाच्या आकांताने घाई करीत असल्याचे त्यांना दिसले. एवढे कष्ट न घेता जरा सावकाश काम करावे, असे त्यांनी त्याला सुचवले. तेव्हा त्या कामगाराने सांगितले की, या जागेत चार तासांहून अधिक काळ राहणे म्हणजे डोळे गमावण्यासारखे आहे आणि ज्याने ते भोगले नाही त्याला याची कल्पना येणार नाही. तो बाहेर आल्यावर रामात्सिनी यांनी त्याचे डोळे तपासले. ते लाल आणि निस्तेज झाले होते. त्यावर घरी जाऊन अंधाऱ्या खोलीत पडून राहणे आणि कोमट पाण्याने डोळे धुणे, एवढाच इलाज या लोकांना माहीत होता. हे काम करून अंध झालेले आणि भीक मागून जगणारे लोक रामात्सिनी यांनी शहरात पुढे पाहिले.

या प्रसंगानंतर ते कारागिरांच्या कामाच्या जागी जाऊ लागले. विद्यापीठातील प्राध्यापकाने लोहाराच्या भट्टीजवळ किंवा चर्मकाराच्या दुकानात जाऊन चौकशी करणे त्या काळी प्रतिष्ठेचे मानले जात नसे. सामान्यातल्या सामान्य कारखान्यात पाऊल टाकण्यात वैद्याला कमीपणा वाटू नये, असे मत रामात्सिनी यांनी प्रस्तावनेत मांडले. गरीब रुग्णाच्या घरी गेल्यावर वैद्याने नाडी हाती घेऊन लगेच औषध सांगू नये, मिळेल त्या साध्या तिपाईवर निवांत बसावे आणि रुग्णाला सर्व हकिकत विचारावी, असे त्यांचे सांगणे होते. प्राचीन ग्रीक वैद्य हिपॉक्रेटिस यांनी रुग्णाला विचारण्याचे अनेक प्रश्न सांगितले होते. त्या यादीत रुग्ण कोणता व्यवसाय करतो, या प्रश्नाची भर रामात्सिनी यांनी घातली. पुढे हाच प्रश्न त्यांच्या कार्याची ओळख ठरला.

ग्रंथाचे स्वरूप

दियात्रिबाची पहिली आवृत्ती १७०० साली मोदेना येथे छापली गेली. तीत चाळीसहून अधिक व्यवसायांचे विवेचन आहे. खाणकामगार, मुलामा देणारे, कुंभार, काच व आरसे बनवणारे, रंगारी, लोहार, सुईणी, दाया, धोबिणी, कबरी खोदणारे, भटारी, हमाल, शेतकरी, कोळी, गायक आणि विद्वान अशा विविध वर्गांना त्यात स्वतंत्र प्रकरणे मिळाली. १७१३ मध्ये पादुआ येथे निघालेल्या सुधारित आवृत्तीत आणखी बारा प्रकरणांची पुरवणी जोडण्यात आली. छापखान्यातील जुळारी, लेखनिक, विणकर, सुतार, तांबट, विटा पाडणारे, विहिरी खोदणारे, खलाशी आदींचा तीत समावेश आहे.

बहुतेक प्रकरणांचा क्रम सारखा आहे. आधी व्यवसायाचे वर्णन, मग त्यातून उद्भवणारे रोग, त्यांची कारणमीमांसा आणि शेवटी उपचार व खबरदारी. कामामुळे होणाऱ्या रोगांची रामात्सिनी यांनी दोन मुख्य कारणे सांगितली. पहिले कारण म्हणजे हाताळल्या जाणाऱ्या पदार्थांचे अपायकारक गुण. यात पारा, शिसे, पिठाची व दगडाची धूळ, विषारी वाफा इत्यादी येतात. दुसरे कारण म्हणजे शरीराच्या जोरकस व अनियमित हालचाली आणि अस्वाभाविक स्थिती, ज्यांमुळे देहयंत्राची नैसर्गिक रचना हळूहळू बिघडत जाते. धातूंच्या विषबाधेविषयी त्यांच्या आधीही काही लेखन झाले होते. परंतु केवळ बसण्याउठण्याच्या पद्धतीने माणूस आजारी पडू शकतो, या मुद्द्याला कारणमीमांसेत इतके महत्त्वाचे स्थान देण्याचे श्रेय रामात्सिनी यांच्याकडे जाते.

शरीरस्थिती आणि पाठीचे विकार

बैठे काम करणाऱ्यांचे प्रकरण या दृष्टीने विशेष महत्त्वाचे आहे. शिंपी आणि चर्मकार दिवसभर पुढे वाकून बसत. त्यामुळे त्यांची कंबर दुखे, पाठीला पोक येई, मान पुढे झुके आणि चालताना ते जमिनीवर पडलेले काही शोधत असल्यासारखे दिसत. सणाच्या मिरवणुकीत या व्यवसायांचे संघ रांगेने चालू लागले की त्यांचे वाकलेले खांदे आणि लंगडती चाल पाहून बघ्यांना हसू येई. रामात्सिनी यांनी या दृश्याचे शारीरिक कारण शोधले. पाठ सतत पुढे वाकलेली राहिल्याने मणक्यांना मागच्या बाजूने बांधून ठेवणारे स्नायुबंध ताणले जातात, कालांतराने ते कठीण होतात आणि कण्याला पूर्ववत सरळ होणे अशक्य बनते, असे त्यांचे प्रतिपादन होते. शिंपी एक पाय दुमडून मांडीखाली घेत असल्यामुळे त्यांच्या पायाला बधिरपणा, लंगडेपणा आणि कटिस्नायुशूल म्हणजे कमरेपासून पायात उतरणारी कळ हे त्रास होतात, असेही त्यांनी नोंदवले.

सर्वच बैठे कारागीर सारखे आजारी नसतात, हेही त्यांच्या ध्यानात आले. चाक फिरवणारा कुंभार किंवा मागावर बसणारा विणकर बसूनच काम करतो, परंतु त्याचे हातपाय आणि सर्व अंग हलत राहते. त्यामुळे नुसते सुई चालवणाऱ्यांपेक्षा त्यांची प्रकृती बरी राहते. यावरून बसणे हे एकटे कारण नसून हालचालीचा अभाव हे मोठे कारण आहे, असा निष्कर्ष निघतो. विद्वानांचीही गणना त्यांनी बैठ्या व्यवसायांत केली.

उभ्याने काम करणाऱ्यांविषयी त्यांनी स्वतंत्र प्रकरण लिहिले. अशा लोकांच्या पायांवरील शिरा फुगतात, पिंढऱ्यांवर व्रण होतात आणि कमरेला थकवा येतो. चालण्यापेक्षा एका जागी उभे राहणे अधिक का थकवते, या प्रश्नाचेही उत्तर त्यांनी दिले. चालताना स्नायू आळीपाळीने ताणले व सैल सोडले जातात. स्थिर उभे असताना मात्र तेच स्नायू अखंड ताणलेले राहतात. माणूस उभा असताना नकळत एका पायावरून दुसऱ्या पायावर भार देतो आणि पक्षीही एका पायावर उभे राहून दुसऱ्याला विश्रांती देतात, याकडे त्यांनी लक्ष वेधले.

व्हेनिससारख्या बंदराच्या शहरांत हमालांचा मोठा समुदाय असे. जड ओझे उचलताना ते श्वास रोखून धरतात, त्यामुळे छातीवर ताण पडतो. अंतर्गळ होतो आणि पाठीचे मणके पुढे वाकलेल्या अवस्थेतच स्थिर होतात, असे त्यांचे निरीक्षण आहे. भटाऱ्यांच्या बाबतीत कणीक मळून सुजणारे हात आणि वाकणारे पाय यांचा उल्लेख येतो.

पुरवणीतील लेखनिकांचे प्रकरण आधुनिक वाचकाला विशेष जवळचे वाटते. लेखनिकांच्या दुखण्याची तीन कारणे रामात्सिनी यांनी दिली: अखंड बसणे, हाताची एकाच दिशेने सतत होणारी हालचाल आणि चूक होऊ नये म्हणून मनावर राहणारा ताण. त्यांच्या परिचयातील एका लेखप्रमाणकाने आयुष्यभर लिखाण करून चांगली मिळकत केली होती. त्याच्या उजव्या हाताची शक्ती हळूहळू गेली आणि कोणत्याही औषधाने ती परत आली नाही. तेव्हा त्याने डाव्या हाताने लिहिण्याचा सराव केला. पण काही काळाने डाव्या हातालाही तेच दुखणे जडले.

प्रतिबंधाचे उपाय आणि त्यांच्या मर्यादा

रोग झाल्यावर बरा करण्यापेक्षा तो होऊ न देणे श्रेयस्कर, ही रामात्सिनी यांची भूमिका होती. मैला उपसणाऱ्यांनी तोंडावर पारदर्शक पिशवी बांधावी, धुळीत काम करणाऱ्यांनी वाऱ्याकडे पाठ करावी व तोंड धुवावे, अशा सूचना त्यांनी केल्या. शरीरस्थितीमुळे होणाऱ्या दुखण्यांबाबत त्यांचा मुख्य उपदेश मध्यम मार्गाचा होता. उभ्याने काम करणाऱ्याने अधूनमधून बसावे किंवा चालावे. बैठ्या कारागिराने निदान सुटीच्या दिवशी तरी व्यायाम करावा, म्हणजे अनेक दिवसांच्या बैठकीने झालेले नुकसान थोडेफार भरून येईल. लेखनिकाने हाताला मालीश करावे आणि मोकळ्या हवेत फिरावे.

या उपदेशाच्या मर्यादा त्यांना ठाऊक होत्या. हातावर पोट असणाऱ्याला काम सोडण्याचा सल्ला देणे निरर्थक आहे, हे त्यांनी ओळखले होते. कामगार औषध मागतो तेव्हा त्याला लवकर बरे होऊन कामावर परतायचे असते. म्हणून दीर्घकाळ चालणारे उपचार त्याच्यावर लादू नयेत, असे त्यांनी वैद्यांना बजावले. शहरांची सोय आणि वैभव ज्यांच्या श्रमांवर उभे आहे, त्यांच्या आरोग्याची काळजी घेणे हे वैद्यकशास्त्राचे ऋण फेडणे आहे, अशी त्यांची धारणा होती.

कामाची मुदत ठरवणे, ओझ्याला मर्यादा घालणे किंवा मालकावर जबाबदारी टाकणे यांविषयीची व्यापक योजना मात्र त्यांच्या ग्रंथात आढळत नाही. खबरदारीचा बहुतेक भार कामगारावरच पडतो. मोदेना राज्यातील फिनाले या गावी एका रासायनिक कारखान्याच्या धुराविरुद्ध एका नागरिकाने दावा लावला होता. त्याने वैद्याचा दाखला आणि परगण्यातील मृत्यूंची नोंदवही पुराव्यादाखल सादर केली, तरीही कारखानदार निर्दोष ठरला. ही हकिकत रामात्सिनी यांनी ग्रंथात दिली आहे. त्यांचे औषधोपचारही बहुतांशी तत्कालीन परंपरेतले, रेचके देणे आणि रक्त काढणे यांवर आधारलेले होते. म्हणूनच त्यांच्या ग्रंथातील उपचारांचा भाग कालबाह्य झाला, तर निरीक्षणांचा भाग टिकून राहिला.

पादुआ येथील काळ आणि मृत्यू

१७०० साली व्हेनिस प्रजासत्ताकाने त्यांना पादुआ विद्यापीठात प्रत्यक्ष वैद्यकाच्या अध्यासनावर पाचारण केले. तेव्हा त्यांचे वय सदुसष्टच्या घरात होते. वृद्धापकाळात त्यांची दृष्टी झपाट्याने मंदावली आणि ते जवळजवळ अंध झाले. घरातील नातवंडे त्यांना वाचून दाखवीत व लेखनात साहाय्य करीत. या अवस्थेतही त्यांनी अध्यापन सोडले नाही. राज्यकर्त्यांच्या आरोग्यरक्षणावरील ग्रंथ, १७११ मध्ये पसरलेल्या गुरांच्या भयंकर साथीवरील व्याख्यान आणि दियात्रिबाची सुधारित आवृत्ती ही त्यांच्या पादुआतील काळाची निष्पत्ती होय. हिवतापावरील सिंकोना या औषधी सालीचे मोल त्यांना मान्य होते. परंतु तिच्या सरसकट वापराला त्यांचा विरोध होता.

५ नोव्हेंबर १७१४ रोजी विद्यापीठात व्याख्यान देण्याच्या तयारीत असताना त्यांना पक्षाघाताचा तीव्र झटका आला आणि त्याच दिवशी त्यांचे निधन झाले. त्यांचे पुतणे बार्तोलोमेओ रामात्सिनी यांनी त्यांचे समग्र लेखन चरित्रासह जिनीव्हा येथे प्रसिद्ध केले.

प्रभाव

दियात्रिबाचा इंग्रजी अनुवाद १७०५ मध्ये निघाला. १७७७ मध्ये फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ फूरक्र्वा यांनी त्याचे फ्रेंच भाषांतर केले. अर्थशास्त्रज्ञ ॲडम स्मिथ यांनी १७७६ च्या वेल्थ ऑफ नेशन्स या ग्रंथात अतिश्रमाने कारागिरांना होणाऱ्या आजारांची चर्चा करताना रामात्सिनी यांच्या ग्रंथाचा निर्देश केला आहे. कार्ल मार्क्स यांच्या भांडवल या ग्रंथातही त्यांचा संदर्भ येतो. १८३१ मध्ये इंग्लंडमधील लीड्स शहराचे वैद्य चार्ल्स टर्नर थॅक्रा यांनी गिरण्या व कारखान्यांतील व्यवसायजन्य रोगांवर ग्रंथ लिहून हीच परंपरा औद्योगिक युगात पुढे नेली.

कामाची जागा, साधने आणि मानवी शरीर यांचा मेळ घालण्याचा जो विचार आज अर्गोनॉमिक्स या नावाने ओळखला जातो, त्याच्या पूर्वसूरींमध्ये रामात्सिनी यांची गणना होते. सतत एकाच स्थितीत राहणे टाळावे, अधूनमधून उठावे, चालावे आणि शरीराची ठेवण बदलावी, हा पाठदुखी टाळण्यासाठी कार्यालयांतून व कारखान्यांतून दिला जाणारा सल्ला त्यांच्या निष्कर्षांशी जुळणारा आहे. त्यांनी ज्या गोष्टी उपदेशाच्या रूपात सांगितल्या, त्यांपैकी काहींना विसाव्या शतकात कायद्याचे बळ मिळाले. भारताच्या १९४८ च्या कारखाने अधिनियमात, इजा होईल इतके जड ओझे कामगाराला उचलायला लावू नये, अशी तरतूद करण्यात आली. उभ्याने काम करावे लागणाऱ्या कामगारांना संधी मिळेल तेव्हा बसता यावे म्हणून आसनांची व्यवस्था ठेवण्याचे बंधनही त्यात कारखान्यांवर घालण्यात आले.

१९८२ साली रामात्सिनी यांच्या जन्मगावी, कार्पी येथे, कोलेजियम रामात्सिनी ही व्यवसायजन्य आणि पर्यावरणजन्य आरोग्याच्या तज्ज्ञांची आंतरराष्ट्रीय संस्था स्थापन झाली. रुग्णाच्या आजाराचा इतिहास घेताना त्याच्या व्यवसायाची चौकशी करणे हा आता जगभरातील वैद्यकीय शिक्षणाचा भाग आहे.